‘भाव काय?’ विचारायच्या आधीच उत्तर द्या!



दिवाळीच्या आधी महिनाभर पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. “घरगुती फराळ मिळेल. उत्तम क्वालिटी. ऑर्डरसाठी संपर्क करा.” असे पाच-सहा मेसेज एकाखाली एक दिसतील. नावं झाकली, तर कोणता मेसेज कोणाचा हे ओळखता येणार नाही. मग ग्राहकाकडे एकच प्रश्न उरतो: “भाव काय?”

फक्त भावावर खेळलात, तर तुम्ही हरणार. याच पुण्यात दि पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीला ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर लाडू-चिवडा विकते. तो भाव घरच्या कढईला परवडत नाही, आणि परवडायची गरजही नाही. तुमचा माल वेगळा का आहे, हे ग्राहकाला कळलं पाहिजे. आणि ते कळण्यासाठी लिहावं लागतं.

“पण सर, मला लिहिता येत नाही हो!”

कमलाबाई ओगले शाळेत फक्त चौथीपर्यंत शिकल्या होत्या. १९७० साली त्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि मराठी घराघरात पोहोचलं. त्यात भारी शब्द नव्हते. वाटी-चमच्याचं नेमकं माप होतं. नवी नवरीसुद्धा पुस्तक समोर ठेवून पदार्थ करू शकायची. तुम्हालाही एवढंच करायचंय: नेमकं लिहायचं.

१. ‘उत्तम क्वालिटी’ खोडा. ती जागा माहितीला द्या. “बेसन लाडू. साजूक तूप, डाळ घरी भाजून दळलेली, डालडा नाही.” पण जे खरंच करता तेच लिहा.

२. माप ग्राहकाच्या भाषेत सांगा. एक किलो म्हणजे किती लाडू? तुमचा लाडू ४० ग्रॅमचा असेल, तर किलोत २५ बसतात. चौघांच्या घराला अर्धा किलो पुरेल का, हे त्याला लगेच कळतं. भावही तिथेच लिहा. “भावासाठी पर्सनल मेसेज करा” म्हटलं की बरेच जण पुढे सरकतात.

३. सगळे घटक लिहा. चिवड्यात शेंगदाणे आहेत का? तेल कोणतं? कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल, तर हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. किती दिवस टिकेल, तेही लिहा. घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. तो १४ अंकी नंबर मेसेजमध्ये टाका. अनोळखी माणसाचा विश्वास तिथून सुरू होतो.

४. कधी, कुठे, कसं, हे स्पष्ट करा. ऑर्डरची शेवटची तारीख कोणती? डिलिव्हरी फक्त कोथरूड-कर्वेनगरला की हडपसरलाही? त्याचे पैसे वेगळे का? अॅडव्हान्स किती? परदेशातल्या मुलांना पाठवायचं असेल, तर ऑर्डर किती दिवस आधी द्यायची? घरून घेऊन जायचं असेल, तर दुपारी १ ते ४ बेल वाजवलेली चालेल का, हेही सांगा. शेवटी पुणं आहे!

५. फोटो तुमचाच टाका. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो बघून ऑर्डर आली आणि डबा उघडल्यावर वेगळंच निघालं, तर तो ग्राहक पुन्हा येत नाही. खिडकीच्या उजेडात, स्टीलच्या ताटात काढलेला खरा फोटो पुरतो.

आता प्रश्न असा की काय लिहायचं हे सुचणार कसं? सोपं आहे. मागच्या महिन्यातले ग्राहकांचे मेसेज उघडा. त्यांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवा. जो प्रश्न तीनदा आलाय, त्याचं उत्तर तुमच्या माहितीत नाही, असं समजा. ते आजच घाला. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग आणि क्विक रिप्लाय या सोयी आहेत. एकदा नीट लिहून तिथे ठेवलं, की तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करावं लागत नाही.

आजचं होमवर्क: तुमचा सगळ्यात जास्त खपणारा एकच पदार्थ घ्या. त्याबद्दल पाच ओळी लिहा: काय आहे, किती आहे, कितीला आहे, किती टिकतं, कसं मिळेल. मग तुमचं गिऱ्हाईक नसलेल्या एखाद्या शेजारच्या काकूंना वाचायला द्या. त्यांनी एकही प्रश्न न विचारता “अर्धा किलो दे गं” म्हटलं, तर तुमचं लिखाण पास!