चौकट : मुख्य व्यवसाय कसा ठरतो?
‘काय करता?’ म्हटलं की गावाकडे हमखास उत्तर येतं, ‘शेती’. २०१७ पासूनच्या श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, तेवढ्यावर भागत नाही. मागच्या ३६५ दिवसांत जास्त काळ कशात गेला, ते पाहतात. पैसा कशातून जास्त आला ते नव्हे. पावसाळ्यापुरती शेती आणि त्याहून जास्त दिवस फडावर कोयता, तर मुख्य व्यवसाय ऊसतोड. किमान ३० दिवस केलेलं जोडकाम दुय्यम म्हणून नोंदतात.

खरा घोळ बायकांच्या नोंदीत. ‘ती घरीच असते’ म्हणून नवरा मोकळा होतो. पण घरच्या शेतातली खुरपणी, म्हशीची धार हेही नियमाने कामच, मजुरी मिळो न मिळो. तेव्हा प्रगणक आला, तर तिचं उत्तर तिलाच देऊ द्या.