दोन चाकांची वेगळी चूल

पहिला पाना लावण्याआधी त्यानं ओळंबा काढला. डिअरबॉर्नपासून अर्ध्या तासावरचं मिशिगनमधलं गॅरेज, स्टँडवर उचललेली १९६६ची मस्टँग, आणि सत्तरीच्या घरातला माझा शेजारी. मागच्या चाकाच्या मध्यावरून दोरी सोडून तो खालचं टोक स्थिर व्हायची वाट बघत होता. टोक थांबलं की सिमेंटवर खडूची फुली. मग दुसऱ्या चाकाखाली, मग पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या बोल्टाखाली, मागच्या शॅकलखाली, डिफरन्शियलच्या नाकाखाली. शनिवारची अख्खी सकाळ त्यात गेली. दुपारी फुल्या सुतळीनं जोडून झाल्या, तेव्हा गाडीखाली जमिनीवर तिचा नकाशा उमटला होता. आता ॲक्सल काढला तरी चालेल, असं तो म्हणाला. ॲक्सल कुठे होता हे जमिनीला ठाऊक आहे.

या गाडीचा जन्मही इथलाच. ९ मार्च १९६४ला फोर्डच्या डिअरबॉर्नमधल्या कारखान्यात मस्टँगचं उत्पादन सुरू झालं, १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. किंमत २,३६८ डॉलरपासून. इतक्या कमी पैशात इतकी देखणी गाडी देता आली, कारण वरचं रूप नवं असलं तरी खालचा सांगाडा बराचसा फाल्कन या साध्या, घरगुती गाडीचा होता. काटेकोर बोलायचं तर मस्टँगला ‘पोनी कार’ म्हणतात. पण मोठा व्ही-८ घातलेली मस्टँग मसल कारच्याच पंगतीत बसते. आणि त्या पंगतीतल्या जवळजवळ सगळ्यांच्या मागे एक अखंड ॲक्सलच होता; मस्टँगमध्ये त्याखाली दोन बाजूंना पाटे.

पाटे मराठी माणसाला नवे नाहीत. कुर्ल्याला बनलेली पद्मिनी असो, ॲम्बॅसॅडर असो की एसटी, मागे पाटेच. त्याआधीची बैलगाडी आठवली तर मूळ कल्पना आणखी स्पष्ट होते. एकाच आसेला दोन चाकं. डावं चाक धोंड्यावर चढलं की आस तिरपी होते आणि उजवं चाकही तिच्याबरोबर कलतं. मस्टँगच्या लोखंडी नळीत क्राउन-पिनियन आहे, दोन शाफ्ट आहेत, ब्रेक आहेत, तरी स्वभाव तोच. एका चाकाचं दुखणं दुसऱ्याला भोगावं लागतं. त्यात हे सगळं धूड स्प्रिंगच्या खाली असतं. खड्डा आला की चाकाबरोबर नळी, डिफरन्शियल, आतलं तेल, सगळंच उसळतं, आणि एवढं वजन परत रस्त्यावर टेकवायला पाट्यांना वेळ लागतो. वळणावर मधेच रस्ता खडबडीत झाला, तर गाडी मागून अर्धा हात बाजूला सरकते. ज्यानं जुनी मस्टँग चालवली आहे त्याला हा सरकणारा क्षण पाठ असतो.

म्हणून चाकं वेगळी करायची. डिफरन्शियल गाडीच्या अंगाला कायमचं बांधायचं, त्यातून दोन आखूड शाफ्ट काढायचे, आणि प्रत्येक चाकाला स्वतःचे दांडे, स्वतःची स्प्रिंग द्यायची. इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन म्हणतात ते हेच. सांगायला एवढं सोपं.

पण मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. त्या अखंड ॲक्सलनं आणि चार-चार पानांच्या दोन पाट्यांनी किती कामं निमूट अंगावर घेतली होती, हे ते दोन्ही काढल्याशिवाय कळत नाही. पाटा म्हणजे नुसती स्प्रिंग नव्हे. गाडीचं वजन तो झेलतो, चाक पुढे-मागे सरकू देत नाही, आडवंही सरकू देत नाही. टायर रस्त्याला ढकलतो तेव्हा तो सगळा रेटा पाट्याच्या पुढच्या एका बोल्टातून गाडीत शिरतो आणि गाडी पुढे जाते. शिवाय ॲक्सलचा पीळही पाटाच सोसतो. इंजिनचा पीळ पहिल्या गिअरमधून आणि क्राउन-पिनियनमधून चाकापाशी पोचेपर्यंत आठ-दहा पट झालेला असतो. चाक ज्या जोरानं पुढे फिरतं त्याच जोरानं ॲक्सलच्या हौसिंगचं नाक वर उचलू पाहतं. पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो, आणि टायर रस्त्यावर धडधड उड्या मारतो. मस्टँगवरूनच बनलेल्या १९६५च्या शेल्बी जीटी-३५०मध्ये यावर उपाय म्हणून ॲक्सलच्या वरून पुढे बॉडीत जाणारे दोन दांडे घातले होते. ती गाडी त्याच पाट्यांवर त्या वर्षीची एससीसीए या अमेरिकन क्लबची बी-प्रॉडक्शन राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. चालक जेरी टायटस. त्यामुळे पाट्यांच्या गाडीला गावठी म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. सरळ रेषेत तर अखंड ॲक्सलच राजा. गाडी मागे बसली तरी त्याची चाकं उभीच राहतात, टायर अख्ख्या रुंदीनं रस्ता धरतो. फोर्डचा १९५७चा नऊ इंची ॲक्सल ड्रॅग रेसिंगवाले आजही डोक्यावर घेतात तो उगीच नाही.

एकत्र कुटुंबात एक कर्ता माणूस असतो. वाटण्या होईपर्यंत त्याच्या कामांची यादी कुणी केलेली नसते. ॲक्सलचंही तसंच. चाकांनी वेगळी चूल मांडली की प्रत्येक काम कुणाला तरी नेमून द्यावं लागतं, आणि एक जरी काम कुणाच्याच वाट्याला आलं नाही तर गाडी धोक्याची होते.

याचा पुरावा मिशिगनलाच आहे. शेव्हरोलेनं १९६०च्या मॉडेलची कॉर्वेअर आणली तेव्हा तिची मागची चाकं स्वतंत्र होती, पण शाफ्टला सांधा फक्त डिफरन्शियलपाशी होता. चाक एखाद्या दारासारखं त्या सांध्याभोवती झुले. जोरात वळताना गाडीची मागची बाजू वर उचलली जाई, बाहेरचं चाक आत दुमडे आणि पकड जाई. राल्फ नेडर यांच्या मोटारींच्या सुरक्षिततेवरच्या, १९६५च्या गाजलेल्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण या गाडीवर आहे. चाक उभं ठेवायचं काम कुणालाच दिलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीनं १९६५च्या मॉडेलमध्ये ती चूक सुधारली, शाफ्टला दोन्ही टोकांना सांधे दिले. त्याच कंपनीच्या १९६३च्या कॉर्वेट स्टिंग रेमध्ये झोरा अर्कस-डंटोव्ह यांच्या चमूनं वाटणी आधीच नीट केली होती: शाफ्ट वरच्या दांड्याचं काम करतो, खाली वेगळा दांडा, मागे-पुढे सांभाळायला लांब ट्रेलिंग आर्म, आणि स्प्रिंग म्हणून नऊ पानांचा एकच पाटा, तोही आडवा.

इंग्लंडमध्ये जग्वारसाठी बॉब नाइट यांनी केलेली रचना १९६१ला ई-टाइपमध्ये आली, आणि जुन्या अमेरिकन गाड्या फेरफार करून चालवणाऱ्यांच्या ती पुढे फार कामी आली. कारण तिचं सगळं बिऱ्हाड एकाच पोलादी पिंजऱ्यात होतं. डिफरन्शियल, त्याला चिकटून ब्रेकच्या डिस्क, प्रत्येक बाजूला दोन-दोन स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर, आणि पिंजरा रबरी आधारांवर गाडीला टांगलेला. भंगारातल्या जग्वारखालून तो तसाच सोडवून दुसऱ्या गाडीखाली नेता येई. डिस्क आत घेतल्यानं चाकाकडचं वजन घटलं, पण ब्रेक पॅड बदलायचे म्हणजे गाडीखाली आडवं होऊन हात कोपरापर्यंत घालायचे. देखणेपणात मात्र तिला तोड नाही. क्रोम केलेला जग्वारचा पिंजरा हॉट रॉडखाली पाहिला की मला अजूनही थांबून वाकून बघावंसं वाटतं.

मस्टँगलाही हे सुख पहिल्याच पिढीत मिळायचं होतं. फोर्डचे सस्पेन्शन अभियंता क्लाउस आर्निंग यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर तिच्यासाठी स्वतंत्र मागचं सस्पेन्शन तयार केलं, मूळ बॉडीला बोल्टांनी बसेल असं. प्रायोगिक गाड्यांवर ते चाललंही. खर्चापायी ते विक्रीला आलं नाही. आर्निंग यांचं नाव जुन्या मस्टँगवाल्यांच्या तोंडी आहे ते पुढच्या बाजूमुळे; वरचा आर्म इंचभर खाली घेण्याची त्यांची युक्ती शेल्बीनं वापरली आणि आज ती घराघरांतल्या गॅरेजात केली जाते. मागच्या बाजूला पुढची पस्तीसेक वर्षं अखंड ॲक्सलच राहिला. १९९९च्या एसव्हीटी कोब्राला कारखान्यानं स्वतंत्र चाकं दिली, जुन्या ॲक्सलच्याच जागांवर बसणारी. ड्रॅगवाल्यांनी ती काढून परत अखंड ॲक्सल घातले. २००५च्या नव्या मस्टँगमध्ये फोर्ड स्वतःही अखंड ॲक्सलवरच राहिली. शेवटी २०१५च्या मॉडेलपासून सगळ्याच मस्टँगना स्वतंत्र सस्पेन्शन आलं, आणि २०१६ला ६५ लाखांच्या किमतीला भारतात अधिकृतपणे उतरली ती मस्टँग या पिढीची.

शेजाऱ्यानं तयार किट घेतलं होतं. नळ्यांची एक चौकट, मधे नऊ इंची क्राउनचं डिफरन्शियल, दोन्हीकडे वर-खाली दांडे, कॉइल स्प्रिंग. मला वाटलं होतं आता बोल्ट आवळायचे. त्यानं आधी गाडीचा तळ खरवडायला घेतला. मस्टँगला वेगळी चासी नाही. पत्र्याचीच पेटी आणि त्याखाली पत्र्याच्याच पोकळ तुळया. पूर्वी पीळ ॲक्सलच्या हौसिंगला बसायचा आणि पाटे तो लवचिकपणे सोसायचे. आता डिफरन्शियल गाडीलाच बांधलं, म्हणजे तेच नाक वर उचलण्याचा जोर थेट त्या साठ वर्षांच्या पत्र्यावर. म्हणून पुढच्या आणि मागच्या तुळयांना जोडणारे चौकोनी पाइप दोन्ही बाजूंना वेल्ड झाले. कुजलेला पत्रा कापून नवा घातला. या भागात घाई करणारा माणूस पुढे तळाला पडलेले तडे बघतो. बाकीची कामं किरकोळ पण चिकट: एक्झॉस्टला पूर्वी ॲक्सलवरून वाट होती, ती आता शाफ्ट आणि दांड्यांनी अडवली, हँडब्रेकची केबल नवी, पेट्रोलची टाकी या गाडीत डिकीची जमीनच असते, तिला चौकट घासू नये म्हणून फटीचं माप पुन्हा पुन्हा घेणं. प्रॉपेलर शाफ्ट मात्र सुखी झाला. पूर्वी ॲक्सल वर-खाली होताना तोही आत-बाहेर सरकायचा. आता दोन्ही टोकं स्थिर. सरकणं आखूड शाफ्टांच्या सांध्यांच्या वाट्याला गेलं.

खरी परीक्षा पुढच्या शनिवारी. स्प्रिंगा काढून ठेवल्या, चाकही नाही, हबवर एक सपाट ॲल्युमिनियमची पाटी बोल्ट केलेली. पाटीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक डायल गेज टेकवलेला. हबखाली जॅक. तो एकेक इंच उचलायचा आणि मी आकडे लिहायचो. चाक वर जाताना ते किंचितही डावी-उजवीकडे बघायला लागलं तर दोन गेजमध्ये फरक पडतो. अखंड ॲक्सलमध्ये दोन चाकं एकाच नळीवर असल्यानं एकट्याला दिशा बदलणं शक्यच नव्हतं. आता ते काम एका बारीक दांड्याकडे, टो लिंककडे आहे. त्याचं बाहेरचं टोक थोडं जरी चुकीच्या उंचीवर असलं, तरी वळणावर दाबलं गेलेलं चाक स्वतःच स्टिअरिंग करू लागतं. पुढचं टोक आत वळलं तर गाडी निभावून नेते. बाहेर वळलं तर मागची बाजू पळते.

पहिल्या इंचाला ४० थाऊचा फरक आला, बाहेरच्या बाजूला. दुसऱ्याला शंभरावर गेला. थाऊ हा शब्द मी पुण्याच्या लेथवाल्यांकडून शिकलो, इंचाचा हजारावा भाग, आणि तो मला मिशिगनमध्ये जसाच्या तसा ऐकू आला. त्यानं टो लिंकच्या टोकाखालची एक शिम काढली, पुन्हा जॅक. मग दुसरी जाड शिम, पुन्हा जॅक. माझी वही भरत गेली. अकराव्या फेरीला तीन इंचांच्या पूर्ण चालीत आठ थाऊ, तेही आतल्या बाजूला. त्यानं गेजच्या काचेवर बोट टेकवलं, वाकून आकडा स्वतः वाचला, आणि उजवी बाजू घ्यायला उठला.

सगळं आवळून, चाकं लावून गाडी जमिनीवर आली तेव्हा अंधार पडत आला होता. जुना ॲक्सल तेल पुसून बाकाखाली ठेवलेला, पाटे त्याच्या शेजारी, प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. मला वाटलं होतं तो आता किल्ली फिरवील. त्यानं ओळंबा काढला. डावीकडे टोक खडूच्या फुलीवर बरोबर उतरलं. उजवीकडे पाव इंच पुढे. तो टॉर्च घेऊन पुन्हा गाडीखाली गेला आणि मला सतरा नंबरचा पाना मागितला.