रागाचा रस कोठे असतो?

भैरव प्रातःकाळचा, मारवा सूर्यास्ताचा, मालकंस मध्यरात्रीनंतरचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु आजचा काळ असा, की मारुंजीच्या देवळात काकड्याचे भजन सुरू व्हावे आणि त्याच वेळी शेजारच्या हिंजवडीतून रात्रपाळी संपवून मंडळी घरी निजायला यावीत. एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र. मग रागाला ठरलेला प्रहर आणि ठरलेला भाव उरला आहे काय, ही शंका रास्तच म्हटली पाहिजे. तिचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

भरताच्या नाट्यशास्त्रात आजच्या अर्थाने राग नाहीत. तेथे 'जाती' आहेत. रस मात्र स्वरांना वाटून दिले आहेत. मध्यम-पंचम हास्य व शृंगाराला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र व अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला आणि धैवत बीभत्स व भयानकाला. ही वाटणी रंगभूमीसाठी होती, हे विसरून चालणार नाही. प्रसंग आधी, स्वर त्याच्या सेवेला.

पुढचा टप्पा आपल्या महाराष्ट्रातलाच. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात 264 राग सांगितले आहेत. त्यातला भैरव ऋषभ व पंचम वगळून गायचा. आजच्या भैरवात हे दोन्ही स्वर आहेत, आणि कोमल ऋषभ तर त्याचा प्राण. म्हणजे नाव तेच, देह निराळा. तरीही गंमत अशी, की शार्ङ्गदेवाने भैरव प्रार्थनेला योग्य म्हटला आहे, आणि आपणही त्यात प्रार्थनाच ऐकतो!

असे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. ग्रीसमध्ये प्लेटोने विलापी व सैल वाटणाऱ्या स्वरावली आपल्या आदर्श नगरातून हद्दपार केल्या आणि डोरियन व फ्रिजियन तेवढ्या ठेवल्या. मध्ययुगात युरोपातल्या पंडितांनी हीच नावे भलत्याच स्वरावलींना दिली.

विसाव्या शतकात विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी मराठीतून 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' लिहून दहा थाटांत राग मांडले. रसाचा प्रश्न त्यांनी ढोबळ वर्ग पाडून सोडवू पाहिला. कोमल ऋषभ-धैवताचे संधिप्रकाश राग शांत व करुण, शुद्ध ऋषभ-धैवताचे शृंगाराकडे झुकणारे, कोमल गांधार-निषादाचे वीराकडे. वर्गीकरण सोयीचे खरे. पण भैरवीपुढे ते थबकते. शास्त्राने ती सकाळची, व्यवहारात मैफल कोणत्याही वेळी संपो, शेवट तिचाच. अभंग तिच्यात, ठुमरी तिच्यात, विरह आणि विनोददेखील तिच्यात.

तर मग रस ही केवळ सवय म्हणावी काय? तसेही नाही. 1999 साली कॅनडातील एका अभ्यासात हिंदुस्थानी संगीताशी अपरिचित अशा पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकविले. आनंद, दुःख आणि क्रोध त्यांनी पुष्कळसे अचूक ओळखले. शांती मात्र त्यांना तशी ओळखता आली नाही. लय, रचनेतला साधेपणा किंवा गुंतागुंत यांवरून काही भाव परक्यालाही कळतात. शांतीसारखा भाव मात्र परंपरेत वाढलेल्या कानालाच नीट उमगत असावा, असे आम्हांस वाटते.

यावरून आमचे मत असे, की रस केवळ स्वरांत नाही आणि केवळ श्रोत्यातही नाही. तो दोघांच्या दीर्घ सहवासात आहे. शरीर बदलूनही भैरवाची प्रार्थना टिकली, ती पहाटे तो गाणारे व ऐकणारे पिढ्यान्‌पिढ्या राहिले म्हणून. रात्रपाळीहून परतणाऱ्याने तो निजण्यापूर्वी ऐकला, तर राग बाटत नाही. ऐकणेच थांबले, तर मात्र नाव ग्रंथात राहील आणि रस निघून जाईल. घड्याळ सांभाळण्यापेक्षा कान सांभाळणे अगत्याचे आहे, आणि ते काम गवयाइतकेच आपलेही आहे.