बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले

धर्मसंस्थेची लोकजीवनावरची पकड सैल होते आणि श्रद्धा ज्याच्या त्याच्या मनाची बाब उरते, या बदलाची चर्चा बहुधा युरोपापुरती होते. तिथे चर्चमधली गर्दी ओसरली, पण देव मानणारे त्या प्रमाणात घटले नाहीत. ब्रिटनमधल्या या विसंगतीवर समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी १९९४ मध्ये पुस्तकच लिहिले. मराठी ख्रिस्ती समाजात हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी उभा राहिला, आणि तोही श्रद्धा आटल्यामुळे नव्हे. उलट ज्यांची श्रद्धा उत्कट होती, त्यांनाच संस्था अपुरी पडली.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या हाती जायची त्यांची तयारी नव्हती. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घातला. क्रूसावर अक्षरे हवीच असतील तर ती लॅटिनऐवजी संस्कृत असावीत, इतका त्यांचा आग्रह बारीकसारीक गोष्टींतही होता. पुढे केडगावला त्यांनी उभारलेले मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाचे नव्हते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याहून पुढे गेले. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगरला त्यांनी अनेक वर्षे काम केले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन ही त्यांची उपासना. परदेशी पगारावर चालणारा धर्म इथल्या मातीत रुजणार नाही, हे त्यांचे मत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. म्हणजे सभासदत्व ठरवण्याचा चर्चचा हक्कच त्यांनी नाकारला. मात्र श्रद्धा खाजगी झाली तरी ती एकट्याची राहावी, असे त्यांना वाटत नव्हते. वारकऱ्यालाही दीक्षेची नोंदवही लागत नाही. दिंडी मात्र लागते.

१९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. टिळकांची पदे मात्र ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी चर्चमध्येच गायली गेली.