श्वसनमार्गीय व्हायरसांची स्वॅब तपासणी

नाक व घसा यांच्या आतील अस्तरावरून स्वॅबने (काडीच्या टोकास बसविलेल्या बोळ्याने) स्राव व कोशिका (पेशी) घेऊन त्यांत कोणता व्हायरस आहे, हे प्रयोगशाळेत ओळखण्याची पद्धत. पडसे, खोकला व ताप ही लक्षणे इन्फ्ल्यूएंझा, ऱ्हायनोव्हायरस, ॲडिनोव्हायरस, करोनाव्हायरस इ. अनेक व्हायरसांमुळे उद्‌भवतात. केवळ रुग्णास पाहून त्यांतील नेमके कारण सांगणे बहुधा शक्य नसते.

विल्सन स्मिथ, सी. एच्. अँड्रूझ व पी. पी. लेडलॉ यांनी १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये रुग्णांच्या गुळणीचे पाणी फेरेट या प्राण्याच्या नाकात घालून मानवी इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस वेगळा केला. पुढे कोंबडीची गर्भयुक्त अंडी व कोशिका संवर्धने वापरात आली. संवर्धनाचा निष्कर्ष मिळण्यास अनेक दिवस लागत व तोवर रुग्ण बहुधा बरा झालेला असे.

तपासणीचे यश यंत्रापेक्षा नमुन्यावर अधिक अवलंबून असते. बोळा नाकाच्या तळाला समांतर, कानाच्या दिशेने, नासाग्रसनीपर्यंत (नाकामागील घशाच्या वरच्या भागापर्यंत) न्यावा लागतो.  तेथे काही सेकंद ठेवून तो हळुवार फिरवितात. रुग्णाला हे त्रासदायक वाटते, म्हणून बोळा पुष्कळदा नाकपुडीच्या तोंडाशीच फिरविला जातो आणि मग व्हायरस असूनही तो सापडत नाही. लाकडी काडी व कॅल्शियम अल्जिनेटाचा बोळा वर्ज्य होत, कारण त्यांतील द्रव्ये पुढील विक्रियेस अडथळा करतात. बोळा ज्या द्रवात बुडवून पाठवितात त्यात प्रतिजैव पदार्थ असतात. पडशाच्या रुग्णाला निरुपयोगी ठरणारी ही औषधे नळीत मात्र उपयोगी पडतात, कारण ती व्हायरसाला धक्का न लावता सूक्ष्मजंतूंची वाढ रोखतात. नमुना २°–८° से. तापमानात ठेवून सु. तीन दिवसांच्या आत तपासतात.

कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधून काढलेली पॉलिमरेज शृंखला विक्रिया (पीसीआर) आता सर्वाधिक वापरली जाते. आर्एन्ए व्हायरसाच्या बाबतीत प्रथम एंझाइमाच्या साहाय्याने आर्एन्एपासून डीएन्ए तयार करतात. त्यानंतर प्रत्येक आवर्तनात त्याच्या प्रती दुप्पट होतात. सिद्धांततः ३० आवर्तनांत एका प्रतीच्या १०० कोटींहून अधिक प्रती होतात. मात्र ही विक्रिया जिवंत व मृत व्हायरस यांत भेद करीत नाही. त्यामुळे बरे झालेल्या व्यक्तीतही काही आठवडे अवशेष सापडू शकतात. ऱ्हायनोव्हायरस तर लक्षणे नसलेल्या मुलांतही आढळतो, म्हणून व्हायरस सापडला एवढ्यावरून आजाराचे कारण तोच, असे म्हणता येत नाही. प्रतिजन पट्टीने १५–३० मिनिटांत निष्कर्ष मिळतो, परंतु व्हायरस अल्प प्रमाणात असल्यास ती चुकते. तिच्या नकारात्मक निष्कर्षाच्या आधारे तीव्र लक्षणांच्या रुग्णास निर्धास्त करणे धोक्याचे होय. कित्येक पीसीआर परीक्षांत मानवी जनुकाचीही तपासणी करतात. ते न आढळल्यास नमुना पुन्हा घ्यावा लागतो. ते आढळले, तरी बोळा योग्य ठिकाणी पोहोचला होता याची खात्री पटत नाही.

पुणे येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या व्हायरस संशोधन केंद्राला १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळाले. जानेवारी २०२० मध्ये केरळातील रुग्णाच्या नमुन्यातून भारतातील कोव्हिड-१९ चे पहिले निदान याच संस्थेत झाले.