गुटगुटीत बाळ आणि वाढीचा आलेख

बाळ गुटगुटीत दिसले की आपल्या आयाबाया समाधान पावतात. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजात ते स्वाभाविकच. परंतु वजनाचा एकच आकडा पुरत नाही. उंचीच्या मानाने वजन पहिल्या वर्षी वाढते, मग उतरते आणि साधारण पाच-सहाव्या वर्षी पुन्हा चढू लागते. ही दुसरी चढण लवकर लागली, तर पुढे लठ्ठपणाचा संभव अधिक. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या पाहणीत, तान्हेपणी रोड असून दोन वर्षांनंतर झपाट्याने अंग धरणाऱ्यांत तरुणपणी मधुमेह वा रक्तातील वाढीव साखर जास्त आढळली. म्हणून अंगणवाडीत वजनाबरोबर उंचीही मागून लिहून घ्यावी, असे आम्ही सुचवितो. दोन वर्षांखालील बाळाची उंची निजवून मोजतात. आकडा पाहून दूध मात्र तोडू नये.