घरातली सायकल, रस्त्यावरची सायकल

शहरात काहीजण आता सायकल घरातच चालवतात. मागचं चाक काढून ती एका यंत्राला जोडतात. मोबाइलवर चढ आला की यंत्र पायडल जड करतं. ना ट्रक, ना धूळ, व्यायाम मात्र खराखुरा. पण मागून गाडी आल्याचा आवाज ओळखणं, तोल सांभाळणं हे यंत्र शिकवत नाही.

आपल्या पोरींना तर शाळा गाठायची असते. भंडारा, लाखनी, साकोलीकडे कितीतरी जणींना ५३ नंबरचा महामार्ग लागतोच. भीतीपोटी पोरीची सायकल बंद करणं मला पटत नाही. सायकलीमागोमाग शाळाही सुटते.

ताशी ६० किलोमीटर वेगाचा ट्रक एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे येतो. म्हणून सायकल लांबूनच दिसायला हवी. मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा. ओढणी फिकट रंगाची, पण चाकात जाणार नाही अशी बांधलेली. डाव्या कडेने, एकीमागे एक. गप्पा शाळेत गेल्यावर. महामार्ग ओलांडताना उतरून, सायकल हातात धरून. उभ्या ट्रॅक्टरमागून एकदम पुढे यायचं नाही. पावसात ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा तो आधीच दाबायचा.

पुढच्या बैठकीला पोरींच्या सायकली घेऊन या. ब्रेक आणि रिफ्लेक्टर तिथेच पाहू.